ज्योत पाहण्याचा इतिहास : भंडाऱ्याच्या भट्टीपासून स्क्रॅमजेटमधील लेसर-चित्रणापर्यंत

प्रस्तावना

अग्नी हा मानवाच्या सर्वांत जुन्या साधनांपैकी एक असला तरी ज्योतीच्या अंतरंगात नेमके काय घडते हे मानवाला फार उशिरा दिसू लागले. अग्नीचा वापर व अग्नीचे ज्ञान यांमध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे. ज्वलनाच्या इतिहासाची मांडणी करताना इंधने, यंत्रे व संशोधक यांची नोंद होते. परंतु ज्योत कोणी, कोठून आणि कोणत्या साधनाने पाहिली हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे. स्वनातीत वेगाने वाहणाऱ्या हवेत जळणाऱ्या प्रक्षुब्ध ज्योतीचे लेसरच्या साहाय्याने चित्रण करणे, ही या प्रवासातील अलीकडची पायरी होय.

या विवेचनासाठी भंडारा जिल्ह्याचा संदर्भ बुद्धिपुरस्सर निवडला आहे. तलाव व धान यांमुळे परिचित असलेला हा जिल्हा अग्नीवर चालणाऱ्या व्यवसायांचाही जिल्हा आहे. पितळेची भांडी, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, वरठी येथील पोलाद कारखाना आणि जवाहरनगर येथील आयुध निर्माणी ही त्याची ठळक उदाहरणे. ज्योतीचे विज्ञान येथील जनजीवनापासून दूर आहे असा समज असेल, तर तो तपासून पाहणे हा या निबंधाचा एक हेतू आहे.

भट्टीजवळचा डोळा

भंडारा या नावाची व्युत्पत्ती 'भाणारा' या शब्दाशी आणि त्यामार्गे भांड्यांशी जोडली जाते. व्युत्पत्तीविषयी मतभेद शक्य आहेत, मात्र पितळेच्या धंद्यासाठी या गावाची ख्याती निर्विवाद आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त सुमारे ९०७ अंशांनाच उकळू लागते. त्यामुळे भट्टी प्रमाणाबाहेर तापली तर जस्ताची वाफ होऊन ती हिरवट निळ्या ज्योतीने जळते आणि पांढरा धूर निघतो. हा धूर म्हणजे जस्ताचे ऑक्साइड होय. कारागिराच्या दृष्टीने ते मालाचे नुकसान असते आणि श्वासावाटे ते शरीरात गेल्यास थंडी-तापासारखा त्रासही होतो.

तापमापक नसलेल्या काळात धातू ओतण्याची वेळ रंगावरूनच ठरवावी लागे. रसाचा रंग, ज्योतीची छटा आणि धुराची दाटी यांवरून भट्टीची अवस्था ओळखणे ही पिढ्यान्पिढ्यांच्या सरावाने कमावलेली विद्या होती. आधुनिक परिभाषेत सांगायचे तर हे प्रकाशावरून तापमान व रासायनिक घटक ओळखणेच होते. या विद्येला दोन मर्यादा होत्या. पहिली म्हणजे ती डोळ्यात राही, कागदावर उतरत नसे. दुसरी अधिक गंभीर होती. ज्योत पाहण्यासाठी माणसाला ज्योतीजवळ उभे राहावे लागे. पाहण्याची किंमत शरीराने चुकवावी लागे.

ज्योतीचा वर्णपट आणि विजयदुर्गची आख्यायिका

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ज्योत हा प्रयोगशाळेच्या अभ्यासाचा विषय झाला. १८६०-६१ च्या नाताळात मायकेल फॅरडे यांनी लंडन येथे मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने प्रसिद्ध आहेत. साध्या मेणबत्तीच्या ज्योतीत वाफ, काजळी आणि ज्वलन यांचे निरनिराळे प्रदेश असतात हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. त्याच सुमारास, १८५९-६० मध्ये, जर्मनीत बुन्सेन व किरखोफ यांनी प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत आपल्या ठरावीक रंगरेषा प्रकट करते हे सिद्ध केले. मिठाच्या कणाने ज्योत पिवळी होते यामागे सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या जवळपासच्या दोन रेषा आहेत. कारागिराच्या डोळ्यात असलेली विद्या अशा रीतीने मोजता येण्याजोगी झाली.

या टप्प्याशी महाराष्ट्राचा संबंध जोडणारी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे वारंवार लिहिले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्येच होते. त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच संशोधक जान्सन यांनी गुंटूर येथून, पॉगसन यांनी मछलीपट्टणम येथून, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानातून केले. लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला व त्यातील पिवळी रेषा सोडियमची नाही हे ओळखले. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्से यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही वेगळा केलेला होता. याच १८९८ च्या ग्रहणाचे निरीक्षण पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाइगामवाला यांनी सोलापूरकडील जेऊर येथून केले.

ही दुरुस्ती केल्याने विजयदुर्गचे महत्त्व कमी होत नाही. उलट एक अधिक मोलाची गोष्ट पुढे येते. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या ज्वालेची ओळख तिच्या प्रकाशावरून पटू शकते, म्हणजेच पाहणाऱ्याने आगीजवळ उभे राहण्याची गरज उरलेली नाही, हे या काळाने सिद्ध केले. भट्टीजवळचा डोळा आता दूर जाऊ शकत होता.

प्रक्षुब्धतेचे कोडे

मेणबत्तीची ज्योत शांत असते. इंजिनातील ज्योत तशी नसते. १८८३ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून प्रवाहाचे दोन प्रकार दाखविले. वेग कमी असताना रंगाचा धागा सरळ राहतो; वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो भोवऱ्यांत विस्कटतो. दुसऱ्या प्रकारास प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. रेनल्ड्स यांचा प्रयोगही मुळात दिसण्याचा प्रयोग होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

त्यापूर्वी १८६४ मध्ये ऑगस्ट टोप्लर यांनी हवेच्या घनतेतील फरक छायाप्रकाशाच्या रूपाने दाखविणारी श्लीरेन पद्धत विकसित केली होती. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते, त्याच तत्त्वावर ती आधारलेली आहे. या प्रकारच्या पद्धतीने अर्न्स्ट माख यांनी १८८७ मध्ये स्वनातीत वेगाने जाणाऱ्या गोळीभोवतीच्या आघात तरंगांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. वेगाचे ध्वनिवेगाशी असलेले गुणोत्तर आज त्यांच्याच नावाने, माख अंक म्हणून, ओळखले जाते.

प्रक्षुब्ध ज्योतीचा सैद्धान्तिक विचार १९४० मध्ये गेर्हार्ड डामक्योलर यांनी मांडला. भोवरे ज्योतीच्या पृष्ठभागास सुरकुत्या पाडतात, त्यामुळे जळणारे क्षेत्रफळ वाढते व ज्योतीचा वेगही वाढतो. फार सूक्ष्म भोवरे मात्र ज्योतीच्या आतील थरातच शिरून तेथील उष्णतेचे व वायूंचे मिश्रण बदलतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे पडताळून पाहायचे तर ज्योतीचा आतला छेद दिसावयास हवा होता. श्लीरेन पद्धतीत प्रकाश संपूर्ण ज्योतीतून आरपार जातो, त्यामुळे पुढचे-मागचे सारे थर एकावर एक पडून चित्र उमटते. पोळ्यांची चळत वरून पाहिल्याने आतल्या एखाद्या पोळीवरील डाग दिसू नये, तशी ही अडचण होती. ती दूर होण्यास आणखी चार दशके लागली.

नागपूरचा अधिकारी आणि विखुरलेला प्रकाश

लेसर-चित्रणाच्या पूर्वेतिहासात मध्य प्रांताचाही एक लहानसा दुवा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे अर्थखात्यात नोकरीस असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपूर येथे नेमणुकीवर होते. भंडारा हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातील जिल्हा होता. रामन यांचा जगप्रसिद्ध शोध नागपूरचा नव्हे. तो २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्ता येथे लागला. रेणूंवर आदळून विखुरलेल्या प्रकाशापैकी अत्यल्प भागाचा रंग बदलतो आणि हा बदल त्या रेणूची ओळख सांगतो, असे त्या शोधाचे सार आहे. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्योतीच्या अभ्यासासाठी हा परिणाम अमोल होता, कारण त्यायोगे जळणारे व न जळणारे दोन्ही प्रकारचे रेणू ओळखता येतात. परंतु हा प्रकाश इतका क्षीण असतो की ज्योतीच्या स्वतःच्या उजेडात तो हरवून जातो. त्यासाठी प्रखर, एकरंगी व क्षणमात्र प्रकाशस्रोताची आवश्यकता होती. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर कार्यान्वित केला आणि ही गरज भागण्याची शक्यता निर्माण झाली. १९६५ मध्ये मेकर व टरह्यून यांनी रामन परिणामाचेच एक प्रबळ रूप लेसरच्या साहाय्याने दाखविले. पुढे त्याचा उपयोग करून धगधगत्या इंजिनातील एका बिंदूचे तापमान बाहेरून मोजणे शक्य झाले.

भारतातही लेसरविद्या लवकर रुजली. १९६० च्या दशकाच्या मध्यास तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापनात अर्धवाहक लेसर तयार झाला. पुढे इंदूर येथे लेसर व त्वरक यांसाठी प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले. त्याचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप भवाळकर यांचे आरंभीचे शिक्षण सागर येथे, म्हणजे याच जुन्या मध्य प्रांताच्या परिसरात झाले होते.

प्रकाशाचा पातळ पडदा

प्रक्षुब्ध ज्योतीचा छेद पाहण्याची पद्धत १९८२ मध्ये प्रत्यक्षात आली. त्या वर्षी अमेरिकेतील डायर व क्रॉस्ली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील हॅन्सन व त्यांचे सहकारी आणि स्वीडनमधील लुंड येथील आल्देन व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे ज्योतीचे प्रतलीय अनुस्फुरण-चित्रण प्रसिद्ध केले.

या पद्धतीचे तत्त्व पुढीलप्रमाणे आहे. लेसरचा किरण भिंगांच्या साहाय्याने पसरवून त्याचा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पडदा करतात व तो ज्योतीतून आडवा नेतात. ज्योतीत हायड्रॉक्सिल हे अल्पायुषी मूलक ज्वलनाच्या वेळी निर्माण होते. सुमारे २८३ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश शोषून ते सुमारे ३०८ नॅनोमीटरला पुन्हा प्रकाश देते. यालाच अनुस्फुरण म्हणतात. काटकोनात ठेवलेला संवेदनशील कॅमेरा केवळ हा प्रकाश टिपतो. साधी काच जंबुपार प्रकाश अडवीत असल्याने ज्वलनकक्षास क्वार्ट्झच्या खिडक्या बसवाव्या लागतात. परिणामी चळतीतील नेमकी एकच पोळी पाहावी तसा ज्योतीचा एकच छेद दिसतो.

वेगाचा प्रश्नही याच पद्धतीने सुटला. लेसरचे एक स्पंद साधारणतः १० नॅनोसेकंद टिकते. हवा सेकंदाला १००० मीटर वेगाने वाहत असली तरी तेवढ्या अवधीत ती केवळ एक शतांश मिलिमीटर सरकते. त्यामुळे चित्रात ज्योत जणू गोठल्यासारखी दिसते.

पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उत्तेजित मूलके इतर रेणूंवर आदळून प्रकाश न देताच आपली ऊर्जा गमावतात. त्यामुळे चित्रातील उजळपणा म्हणजे थेट मूलकांचे प्रमाण असे मानता येत नाही. शिवाय हायड्रॉक्सिल ज्वलन झाल्यानंतरच्या तप्त वायूतही काही काळ टिकते, म्हणून जेथे ते दिसते तेथे त्या क्षणी ज्वलन चालूच आहे असेही म्हणता येत नाही. प्रारंभीचे लेसर सेकंदाला १० स्पंदे देत. दोन चित्रांमधील दशांश सेकंदात प्रवाह पूर्णपणे बदलून गेलेला असे. गेल्या दोन दशकांत सेकंदाला १० हजार व त्याहून अधिक स्पंदे देणारे लेसर उपलब्ध झाले आणि एकाच ज्योतीची सलग हालचाल पाहता येऊ लागली.

वाऱ्याच्या तोंडी दिवा

या साधनाची सर्वांत कठीण परीक्षा स्क्रॅमजेट इंजिनात होते. अग्निबाण आपला ऑक्सिडीकारक बरोबर वाहून नेतो. रॅमजेट व स्क्रॅमजेट मात्र वातावरणातील ऑक्सिजन वापरतात. रॅमजेटची कल्पना फ्रान्समधील रने लोराँ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडली आणि १९४९ मध्ये रने लदुक यांच्या विमानाने तिचा उपयोग करून उड्डाण केले. रॅमजेटमध्ये आत येणाऱ्या हवेचा वेग ध्वनिवेगापेक्षा कमी केला जातो. माख ५ च्या पलीकडे असे केल्यास हवा इतकी तापते की इंधन जाळून मिळणारा लाभ घटत जातो. म्हणून हवा स्वनातीत वेगानेच वाहू द्यावी व त्यातच इंधन जाळावे, हा स्क्रॅमजेटचा विचार १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला.

एक मीटर लांबीच्या ज्वलनकक्षातून सेकंदाला १००० मीटर वेगाने जाणारी हवा आत केवळ एक सहस्रांश सेकंद थांबते. तेवढ्यात इंधनाने हवेत मिसळावे, पेटावे आणि जळून जावे, अशी अपेक्षा असते. वाऱ्याच्या तोंडी दिवा तेवत ठेवण्यासारखेच हे आहे. आपल्या जुन्या घरांतून दिवा वाऱ्याने मालवू नये म्हणून भिंतीतील कोनाड्यात ठेवीत. स्क्रॅमजेटमध्येही पुष्कळदा असाच उपाय योजतात. ज्वलनकक्षाच्या भिंतीत खाच ठेवतात. तिच्यात वायू मंदपणे फिरत राहतात आणि तेथील ज्योत मुख्य प्रवाहातील इंधन पेटवीत राहते. ज्योत खाचेत टिकते की प्रवाहात पुढे पसरते, ती केव्हा व का विझते, या प्रश्नांची उत्तरे देण्यात लेसर-चित्रणाचा वाटा मोठा आहे.

उड्डाणात सिद्धी मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. ३० जुलै २००२ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या हायशॉट प्रयोगात उड्डाणादरम्यान स्वनातीत ज्वलन साधले. १६ नोव्हेंबर २००४ रोजी नासाच्या एक्स-४३ए या यानाने माख ९.६ च्या जवळपास वेग गाठला. भारतात २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून इस्रोने अग्निबाणावर बसविलेली दोन स्क्रॅमजेट इंजिने माख ६ वेगाला सुमारे ५ सेकंद चालविली. पाच सेकंद हा अवधी अल्प वाटतो. परंतु वरील हिशेबाने पाहिल्यास तेवढ्या वेळात ज्वलनकक्षातील हवा सुमारे ५ हजार वेळा बदललेली असते आणि ज्योत तरीही टिकलेली असते. ७ सप्टेंबर २०२० रोजी संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या यानात हे ज्वलन २० सेकंदांहून अधिक काळ चालले. याच संघटनेच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेने जमिनीवरील चाचणीत जानेवारी २०२५ मध्ये १२० सेकंद, तर एप्रिल २०२५ मध्ये १००० सेकंदांहून अधिक काळ ज्वलनकक्ष चालवून दाखविला.

पुन्हा भंडाऱ्याकडे

स्क्रॅमजेट स्वतःहून जागचे हलू शकत नाही. प्रारंभीचा वेग त्याला बहुधा घन इंधनाच्या अग्निबाणाने दिला जातो. भारतात घन इंधनाच्या विकासात पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांचे कार्य पायाभूत आहे. १९६७ मध्ये ते थुंबा येथील अवकाश केंद्रात रुजू झाले व पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. पुणे येथेच १९६० मध्ये स्फोटक द्रव्यांच्या संशोधनाची प्रयोगशाळा स्थापन झाली. त्याच दशकात जवाहरनगर येथे भंडाऱ्याची आयुध निर्माणी उभी राहिली. नायट्रोसेल्युलोज, नायट्रोग्लिसरीन व त्यांपासून होणारी प्रॉपेलंट द्रव्ये हे तिचे कार्यक्षेत्र आहे. ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे.

प्रॉपेलंट आणि स्क्रॅमजेट यांतील ज्योती दोन टोकांच्या आहेत. पहिलीला ऑक्सिजन स्वतःच्या घटकांतून मिळतो, दुसरीला तो हवेतून क्षणार्धात मिळवावा लागतो. पहिलीचे संकट अकाली पेटण्याचे, तर दुसरीचे अकाली विझण्याचे. तथापि दोहोंपुढील प्रश्न एकच आहे. ज्वलन आपल्या आज्ञेत ठेवावयाचे तर त्यात काय चालले आहे हे कळावयास हवे.

२४ जानेवारी २०२५ रोजी या निर्माणीत भीषण स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले व आठ कामगारांचा मृत्यू झाला. हैदराबादमधील १२० सेकंदांच्या यशस्वी चाचणीनंतर तीनच दिवसांनी ही घटना घडली. दोन घटनांत कार्यकारण संबंध नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्या शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. एका ठिकाणी ज्योतीवरील नियंत्रण सेकंदाच्या अंशापर्यंत पोहोचले होते आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी माणसे आगीच्या तितकीच जवळ उभी होती, जितका जवळ पूर्वीचा भट्टीवरचा कारागीर उभा असे. विज्ञानाने डोळा दूर नेला; हात मात्र अनेक ठिकाणी अद्याप जवळच आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ज्वलनविज्ञानाची प्रगती ही बव्हंशी पाहण्याच्या साधनांची प्रगती आहे. रंग, वर्णपट, छायाचित्र आणि प्रकाशाचा पडदा या तिच्या क्रमवार पायऱ्या होत. दुसरा असा की, या इतिहासात महाराष्ट्र व जुना मध्य प्रांत यांचे दुवे खरे आहेत. त्यांचे मोल वाढविण्यासाठी विजयदुर्गसारख्या आख्यायिकांची आवश्यकता नाही. तिसरा असा की, या प्रगतीचे माप केवळ गाठलेल्या माख अंकाने करता येणार नाही. पाहणारा डोळा आगीपासून दूर गेला, तसा राबणारा हातही किती दूर गेला, हे दुसरे माप तितकेच महत्त्वाचे आहे.

लेसर-चित्रणाचे खरे देणे हेच आहे की ज्योतीच्या अगदी गाभ्यात पाहता येते आणि पाहणाऱ्याला आच लागत नाही. हा लाभ प्रयोगशाळेच्या भिंतीआड न राहता ज्या जिल्ह्यांनी पिढ्यान्पिढ्या आग सांभाळली, तेथील कामगारांपर्यंत पोहोचावा. भंडाऱ्यातील महाविद्यालयांत रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या भट्टीकडे आणि निर्माणीकडे या दृष्टीने पाहिले, तर ज्वलनाच्या इतिहासातील पुढील प्रकरण लिहिण्यास या मातीतूनही हात पुढे येतील.